सात वेळा हरलेला माणूस

कॉम्प्युटरने माणसाला हरवलं असं कोणी म्हटलं की आपल्याला पटकन आठवतं ते १९९७ साल, डीप ब्लू आणि गॅरी कास्पारोव्ह. क्विझमध्ये, ग्रुप डिस्कशनमध्ये, सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर, जिथे तिथे तेच. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९९४ मध्येच, एका खेळाचं जगज्जेतेपद एका प्रोग्रॅमकडे गेलं होतं. आणि ते मिळवताना त्या प्रोग्रॅमला एकही डाव जिंकावा लागला नाही. सहा डाव बरोबरीत सुटले आणि समोरचा माणूस पोट धरून हॉस्पिटलमध्ये गेला.

त्या माणसाचं नाव मॅरियन टिन्स्ली. खेळ होता चेकर्स. एआयच्या जाडजूड रेफरन्स बुकांत त्याचं नाव दोन-चार ओळींत येऊन जातं. परीक्षेला त्यावर प्रश्न येत नाही, त्यामुळे आपण ते पान उलटतो. मला मात्र त्या दोन-चार ओळींनी पछाडलं. ४५ वर्षांत फक्त सात डाव हरलेला माणूस! (टिन्स्लीबद्दल मी एकेरीत लिहिणार आहे. सचिनला कुठे कोणी अहोजाहो करतं?)

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे चेकर्स म्हटलं की सहा टोकांच्या चांदणीवरच्या रंगीत गोट्या, म्हणजे चायनीज चेकर्स, डोळ्यांपुढे येतात. ते हे नव्हे. हा खेळ बुद्धिबळासारख्याच ६४ घरांच्या पटावर, पण फक्त काळ्या घरांवरून खेळतात. म्हणजे ३२ घरंच वापरात. खेळाडू दोन, प्रत्येकाच्या १२ सोंगट्या. सोंगटी तिरकी, पुढच्या दिशेने, एक घर सरकते. समोर दुसऱ्याची सोंगटी असेल आणि तिच्या पलीकडचं घर रिकामं असेल तर तिच्यावरून उडी मारून ती उचलायची. मारता येत असेल तर मारलीच पाहिजे, नको म्हणायची सोय नाही. पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलेल्या सोंगटीचा राजा होतो, त्याला मागेही जाता येतं. ज्याच्या सोंगट्या संपल्या किंवा ज्याला चालच उरली नाही तो हरला. संपले नियम! पाच मिनिटांत धाकट्या भावाला शिकवता येतील.

अमेरिकेत हा घरगुती खेळ. आजोबा नातवाला शिकवतात, जेवणं झाली की पट मांडतात. आपल्याकडे सुट्टीत पाच-तीन-दोनचं जे स्थान असतं, साधारण तसंच. त्यामुळे त्याला कोणी सीरियसली घेत नाही. बुद्धिबळ हुशारांचं आणि चेकर्स पोरासोरांचं, अशी समजूत तिकडेही आहेच. टिन्स्लीला हे पटायचं नाही. बुद्धिबळ त्याला समुद्रासारखं अफाट पसरलेलं वाटायचं आणि चेकर्स एखाद्या तळ न दिसणाऱ्या विहिरीसारखं. मारायची जी सक्ती आहे ना, तिच्यातच सगळी मेख आहे. मी माझी एक सोंगटी मुद्दाम पुढे केली, तर तुम्हाला ती घ्यावीच लागते. मग तुम्ही मला हव्या त्या घरात येऊन बसता. तिथून तुमची दुसरी चालही मीच ठरवते. असं करत करत दहा-पंधरा चालींनंतर तुमचा सापळा बंद होतो, आणि सुरुवात कुठे झाली हे तुम्हाला कळलेलंही नसतं.

टिन्स्लीचा जन्म ३ फेब्रुवारी १९२७चा, ओहायो राज्यातल्या आयर्नटन गावातला. वाढला कोलंबस शहरात. पोरगा विलक्षण हुशार, शाळेत इयत्ता गाळून वरच्या वर्गात जाणारा. पण आई-वडिलांचं आपल्यावर प्रेम नाही असं त्याला लहानपणी वाटायचं. खरंखोटं देव जाणे, पण मोठेपणी त्याने स्वतःच हे सांगितलंय. बक्षीस आणलं की घरचे कौतुकाने बघतील, म्हणून तो गणिताच्या आणि स्पेलिंगच्या स्पर्धांमागे लागला. आपल्या ओळखीतही अशी मुलं असतात. टक्के कशासाठी हवेत हे त्यांनाही नीट सांगता येत नाही.

त्यांच्या घरात भाड्याने एक म्हातारी बाई राहायची. ती या पोराबरोबर चेकर्स खेळायची आणि दर वेळी हरवायची. नुसती हरवायची नाही, त्याच्या सोंगट्या उचलताना खिदळायची! एवढ्या हुशार मुलाला हे किती लागलं असेल बघा. पुढे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गणिताची पुस्तकं शोधताना त्याच्या हाती चेकर्सचं पुस्तक लागलं. या खेळावर पुस्तकं असतात हेच त्याला माहीत नव्हतं. म्हातारीला एकदा हरवायचं एवढाच विचार करून त्याने ते उघडलं, आणि मग ते आयुष्यभर मिटलंच नाही.

पोस्ट-ग्रॅज्युएशनच्या काळात आपण चेकर्सच्या अभ्यासाला साधारण १०,००० तास दिले असतील, असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. हिशोब करा. रोज आठ तास, आठवड्याचे पाच दिवस धरले, तर जवळजवळ पाच वर्षं. आणि हे सगळं गणितात डॉक्टरेट करत असताना! त्याचे गाईड होते हर्बर्ट रायसर, कॉम्बिनेटोरिक्समधलं मोठं नाव. टिन्स्लीचा विषयही तोच. १९६० मध्ये त्याचा एक पेपर आला तो चक्रीय मॅट्रिक्सच्या पर्मनंटवर. पर्मनंट म्हणजे काय? आपण पहिल्या वर्षाला डिटर्मिनंट काढतो, त्यात एक टर्म प्लस, एक मायनस अशी चिन्हं असतात. ती सगळी मायनसची चिन्हं प्लस करून टाका, झाला पर्मनंट. ऐकायला डिटर्मिनंटपेक्षा सोपं वाटतं, पण उलट आहे. मोठ्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट कॉम्प्युटर चुटकीसरशी काढतो, पर्मनंट काढताना त्याला घाम फुटतो. दिसायला साधं आणि आत शिरलं की तळ लागत नाही, असले विषय या माणसाला बरोबर सापडायचे.

१९५५ साली तो वॉल्टर हेलमनला हरवून जगज्जेता झाला. १९५८ मध्ये इंग्लंडच्या डेरेक ओल्डबरीने आव्हान दिलं. त्या मॅचचा निकाल बघण्यासारखा आहे. टिन्स्ली नऊ डाव जिंकला, एक हरला, २४ बरोबरीत. या पातळीच्या चेकर्समध्ये बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात. म्हणून तर १९३०च्या दशकापासून अमेरिकेत पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरवायची पद्धत आली. नाहीतर दोघंही पाठ केलेल्या सुरक्षित वाटेने जायचे आणि हातात हात देऊन उठायचे. अशा खेळात जगातल्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या माणसाला नऊ वेळा हरवणं म्हणजे काय झालं असेल!

आणि मग त्याने खेळणं सोडून दिलं. वय अवघं ३१. हरवायला कोणी उरलं नव्हतं.

पुढची बारा वर्षं तो शिकवत होता. आधी फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीमध्ये, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत होता. नंतर त्याच गावातल्या फ्लोरिडा ए अँड एम युनिव्हर्सिटीत गेला. आपल्याला ही दोन नावं सारखीच वाटतात, पण तेव्हा त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. ए अँड एम ही कृष्णवर्णीयांसाठी १८८७ मध्ये निघालेली संस्था. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा बसपासून हॉटेलपर्यंत सगळं वेगवेगळं होतं. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनला मोर्चा नेला, भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा १९६४ मध्ये झाला. त्या सुमाराला एक गोरा गणितज्ञ मोठ्या युनिव्हर्सिटीतून उठून तिकडे शिकवायला गेला.

त्यामागची गोष्ट अशी की टिन्स्ली अतिशय धार्मिक होता आणि आफ्रिकेत जाऊन मिशनरी काम करायचं त्याच्या मनात होतं. तेव्हा त्याला कोणीतरी तोंडावर सुनावलं की आफ्रिकेतल्या काळ्या लोकांची सेवा करायला निघालेले बहुतेक लोक इथल्या काळ्या माणसाशी साधं बोलतही नाहीत. दुसरा कोणी असता तर रागावला असता. टिन्स्लीने त्यावर विचार केला आणि नोकरी बदलली. १९८९ मध्ये रिटायर होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, तो तिथेच शिकवत राहिला. ज्या चर्चमध्ये तो रविवारी प्रवचन द्यायचा तिथली बहुतेक मंडळीही कृष्णवर्णीयच होती. त्याच्या खेळाबद्दल पानंच्या पानं लिहिलेली सापडतात आणि या सव्वीस वर्षांबद्दल मात्र फारच थोडं. खरं तर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसाची चाल मला हीच वाटते.

लग्न त्याने केलं नाही. चेकर्सच्या मोठ्या खेळाडूंचे संसार त्याने पाहिले होते. या खेळाचा खरा अभ्यास करणाऱ्या माणसाबरोबर राहू शकेल अशी बाई विरळाच, असं त्याचं मत. (बायकांनी खेळ केला आणि नवऱ्याने घर सांभाळलं तर, हा विचार त्या पिढीला सुचायचा नाही. असो.)

१९७० मध्ये मित्रांच्या आग्रहाने तो परत खेळायला आला. बारा वर्षांच्या गॅपनंतर. आपण एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सी लँग्वेजचे पॉइंटर विसरतो! तो आला आणि पुन्हा जिंकायला लागला, जणू काही मध्ये फक्त जेवणाची सुट्टी झाली होती. १९७५ पासून पुन्हा जगज्जेता. १९५० ते १९९५ या काळात मिळून तो सात डाव हरला. सात मॅच नाही, सात डाव. जगज्जेतेपदाची मॅच तर एकही नाही.

पण याचा परिणाम वेगळाच झाला. समोर टिन्स्ली आहे म्हटल्यावर लोक जिंकायचा विचारच सोडून देत. सोंगट्यांची अदलाबदल करायची, पट रिकामा करायचा, कशीबशी बरोबरी गाठायची आणि घरी जाऊन सांगायचं की टिन्स्लीशी ड्रॉ केला. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. टिन्स्लीला मात्र खेळायलाच कोणी मिळेना. नुसतीच भिंत समोर. बारा वर्षांच्या सुट्टीनंतरही तोच प्रश्न होता, फक्त आता त्याने साठी ओलांडली होती.

इथे आपल्या ब्रँचचा माणूस गोष्टीत येतो. जोनाथन शेफर. कॅनडात एडमंटनला, युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टामध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकवायचा. आधी तो बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहीत होता, १९८९ मध्ये चेकर्सकडे वळला. कॉम्प्युटर आणि चेकर्सचं नातं तसं जुनं. आयबीएममध्ये आर्थर सॅम्युएल यांनी १९५०च्या दशकातच स्वतःच्या खेळातून शिकणारा चेकर्सचा प्रोग्रॅम लिहिला होता. १९६२ मध्ये तो एका चांगल्या खेळाडूविरुद्ध एक डाव जिंकला, आणि चेकर्सचा प्रश्न सुटला अशी हवा झाली. ती नुसती हवाच होती. खऱ्या मास्टर खेळाडूंपुढे तो टिकणारा नव्हता.

शेफरच्या प्रोग्रॅमचं नाव चिनूक. रॉकी पर्वताकडून त्या भागात येणाऱ्या उबदार वाऱ्याला चिनूक म्हणतात. ड्राफ्ट्स हे चेकर्सचं इंग्लंडमधलं नाव, आणि ड्राफ्ट म्हणजे वाऱ्याची झुळूक, म्हणून ही कोटी. प्रोग्रॅमचा फंडा दोन बाजूंनी होता. एक म्हणजे सर्च, मी असं खेळलो तर तो काय खेळेल, मग मी काय, असं झाड पुढे पुढे वाढवत जायचं. दुसरी बाजू मला जास्त आवडली. डावाच्या शेवटाकडून मागे यायचं! पटावर एकेकच सोंगटी उरली असेल तर सगळ्या शक्य परिस्थितींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे जिंकलं, हरलं की बरोबरी ते लिहून ठेवा. मग तीन सोंगट्यांची यादी, ती आधीच्या यादीवरून. मग चार, पाच, सहा... त्यामुळे पटावर थोड्या सोंगट्या उरल्या की चिनूकला विचारच करावा लागत नव्हता, फक्त टेबलमध्ये बघायचं. तिथे तो चुकणं शक्यच नव्हतं. शेफरच्या बरोबर रॉब लेक, पॉल लू असे प्रोग्रॅमिंगवाले होते आणि चेकर्स जाणणारे नॉर्मन ट्रेलोर.

१९९० मध्ये चिनूक अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि दुसरा आला. पहिला अर्थातच टिन्स्ली. दोघांमधले चारही डाव बरोबरीत. नियमाप्रमाणे या स्पर्धेतून जगज्जेत्याला आव्हान देणारा ठरायचा. टिन्स्ली स्वतःच जगज्जेता, म्हणजे हक्क चिनूकचा. एका प्रोग्रॅमचा! अमेरिकेची आणि इंग्लंडची अशा दोन्ही चेकर्स संघटना हादरल्या आणि त्यांनी नकार दिला. माणसांची स्पर्धा आहे, यंत्राला कसं खेळू द्यायचं?

आता टिन्स्लीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय ६३. नोकरीतून रिटायर. पंधरा वर्षांचं सलग जगज्जेतेपद. संघटना आपणहून म्हणतेय की या मशीनशी खेळायची गरज नाही. हरण्याचा धोका शून्य. गप्प बसला असता तर त्याला कोणीही नाव ठेवलं नसतं. टिन्स्लीने काय केलं, तर जगज्जेतेपदाचा राजीनामा दिला आणि चिनूकशी खेळायचा करार केला. किताब नसेल तर मी माझ्या मर्जीचा मालक, कोणाशीही खेळेन! संघटनांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी माणूस विरुद्ध यंत्र असं वेगळंच जगज्जेतेपद तयार केलं आणि टिन्स्लीला सन्मान म्हणून आजीव विजेत्याचा मान दिला.

का केलं असेल त्याने असं? कारण चिनूक घाबरत नव्हता. त्याला टिन्स्ली कोण हे माहीतच नव्हतं. माणसं बरोबरीसाठी खेळायची आणि हा प्रोग्रॅम बेधडक पुढे यायचा, गुंतागुंत करायचा. त्याच्याशी खेळताना आपण पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटतं, असं टिन्स्ली सांगायचा.

त्याच वर्षी एडमंटनला दोघांत १४ डावांची एक प्रदर्शनी मॅच झाली. तेरा डाव बरोबरीत, एक टिन्स्लीने जिंकला. तो एक डाव चेकर्सच्या इतिहासात अमर झाला आहे. चिनूकच्या वतीने शेफर पटावर सोंगट्या हलवत होता. दहावी चाल खेळून त्याने हात काढतो न काढतो तोच टिन्स्लीने त्याला सांगितलं की या चालीचा तुला पश्चात्ताप होईल. शेफरला वाटलं, काहीतरीच काय! कॉम्प्युटरच्या हिशोबाने तर परिस्थिती बरोबरीची दिसत होती. पण डाव जसा पुढे सरकला तसा तो आकडा घसरत गेला आणि २६ चालींनंतर चिनूकला डाव सोडावा लागला. नंतर तपासणी केली तेव्हा कळलं, चूक त्या दहाव्या चालीतच होती. लाखो परिस्थिती तपासणाऱ्या यंत्राला जे दिसलं नाही ते या माणसाला चाल पडताक्षणीच दिसलं. कसं दिसलं, हे शेफरला तेव्हाही सांगता आलं नाही. नुसती पाठांतराची ताकद म्हणावी, तर मग १०,००० तासांत पाठांतरापलीकडे काहीतरी तयार होतं असं मानावं लागेल.

खरी मॅच ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनला झाली. ४० डावांची. टिन्स्ली ६५ वर्षांचा. रोज चार चार डाव, तासन् तास बसून, आणि समोर न थकणारा, न जेवणारा, न झोपणारा प्रतिस्पर्धी. बातमीदारांनी विचारलं की कॉम्प्युटरची भीती वाटत नाही का, तेव्हा त्याचं उत्तर असं होतं की चिनूकचा प्रोग्रॅमर जोनाथन आहे, माझा प्रोग्रॅमर देव आहे आणि तो जास्त चांगला आहे. ऐकणारे हसले असतील, पण तो गमतीने बोलत नव्हता.

सुरुवातीला एक डाव टिन्स्लीने घेतला. मग आठव्या डावात चिनूक जिंकला. चौदाव्या डावात पुन्हा चिनूक. यंत्र २-१ ने पुढे! एका आठवड्याच्या आत टिन्स्ली दोन डाव हरला होता, म्हणजे आयुष्यभरातल्या सातांपैकी दोन. इथे बहुतेक माणसं कोसळली असती. पण अठराव्या डावात भलतंच घडलं, कोसळला तो चिनूकच. प्रोग्रॅम अडकला, काही केल्या चाल देईना आणि तो डाव सोडून द्यावा लागला. (प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक्स्टर्नल मागे उभे असतानाच कोड का हँग होतो, हा आपल्या सगळ्यांचा जुना प्रश्न. शेफरच्या बाबतीत मागे अख्खं जग उभं होतं.) पंचविसावा डाव टिन्स्लीने स्वच्छ जिंकला. शेवटी शेवटी मागे पडलेल्या चिनूकला शेफरने बरोबरी टाळायला लावलं, त्या धोक्याचा फायदा घेऊन एकोणचाळिसावाही टिन्स्लीनेच जिंकला. एकूण टिन्स्ली चार, चिनूक दोन, बरोबरी ३३. हा सगळ्या माणसांचा विजय आहे अशा थाटात टिन्स्लीने तो साजरा केला.

शेफर घरी गेला आणि पुन्हा कामाला लागला. जास्त प्रोसेसर, जास्त खोल सर्च, शेवटाच्या डावांची आणखी मोठी टेबलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये दोघं पुन्हा समोरासमोर बसले. आता चिनूक बराच ताकदवान झाला होता आणि टिन्स्ली ६७ वर्षांचा. पहिला डाव बरोबरीत. दुसरा बरोबरीत. असे सहा. कोणी कोणाला एक इंचही देत नव्हतं. आणि मग टिन्स्लीच्या पोटात दुखायला लागलं. तपासणी झाली, एक्स-रे काढले, स्वादुपिंडावर गाठ निघाली. सातवा डाव झालाच नाही. टिन्स्लीने मॅच सोडली आणि किताब चिनूकच्या नावे केला.

अशा रीतीने चिनूक हा कोणत्याही खेळात माणसाकडून जगज्जेतेपद घेणारा पहिला प्रोग्रॅम ठरला. शेफरने याच दिवसासाठी पाच वर्षं घातली होती आणि त्या दिवशी त्याला आनंदच करता येईना. त्याला टिन्स्लीला हरवायचं होतं, आजारी पाडायचं नव्हतं. टिन्स्लीच्या जागी त्याचा मित्र डॉन लॅफर्टी खेळायला बसला, वीस डावांत दोघं एकेक जिंकले, बाकी बरोबरी. जानेवारी १९९५ मध्ये लॅफर्टीशीच पुन्हा मॅच झाली, ३२ डावांत चिनूक एक जिंकला आणि ३१ बरोबरीत. आता चिनूकला हरवू शकेल असं कोणी दिसत नव्हतं. ज्याच्याशी खेळून ते सिद्ध झालं असतं तो माणूस कॅन्सरशी झगडत होता. ३ एप्रिल १९९५ रोजी टेक्सासमध्ये टिन्स्ली वारला.

चेकर्सवाल्यांत मग बोललं जाऊ लागलं की टिन्स्ली धडधाकट असता तर चिनूक हरलाच असता. शेफरने त्याला काय उत्तर द्यायचं? मेलेल्या माणसाशी मॅच कशी खेळणार? एकच मार्ग उरला होता, अख्खा खेळच सोडवायचा. म्हणजे गणितातल्या सिद्धतेसारखं दाखवायचं की चिनूक हरूच शकत नाही, समोर कोणीही असो. चेकर्समध्ये शक्य असलेल्या परिस्थिती साधारण ५ वर २० शून्यं इतक्या आहेत. त्या सगळ्या तपासणं अशक्य. म्हणून पुढून सर्च आणि मागून टेबलं, दोन्ही मध्ये कुठेतरी भेटवायची. दहा किंवा त्याहून कमी सोंगट्यांच्या सगळ्या परिस्थितींची टेबलं बनली, त्या भरल्या ३९ लाख कोटी (आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी, ३९ ट्रिलियन). मध्ये काही वर्षं काम थांबलं, कारण तेव्हाच्या मशिन्सना ते झेपेना. नंतर पुन्हा सुरू झालं, कधी कधी दोनशे कॉम्प्युटर एकाच वेळी लावले. २००७ मध्ये सिद्धता पूर्ण झाली आणि सायन्स या नियतकालिकात छापून आली. सुरुवात १९८९ची, म्हणजे अठरा वर्षं. एका घरगुती खेळासाठी!

निकाल असा आहे की दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही तर चेकर्स बरोबरीत सुटतो. म्हणजे २००७ नंतरच्या चिनूकला कोणीही हरवू शकत नाही, टिन्स्ली परत आला तरी नाही. आणि चूक न करणाऱ्या माणसाला चिनूकही हरवू शकत नाही. बोस्टनमध्ये झालेले सहाही डाव बरोबरीत होते. या सिद्धतेत डाव नेहमीच्या मांडणीपासून, दोघांनी हवी ती चाल खेळत सुरू होतो. स्पर्धांमध्ये चिठ्ठी काढून ज्या तीन चाली येतात, त्यांतल्या बऱ्याच सुरुवातींचा नेमका निकाल त्या सिद्धतेने दिलेला नाही, आणि टिन्स्ली आयुष्यभर खेळला तो प्रामुख्याने त्या चिठ्ठ्यांवरच.